पुस्तक चांगलं आहे, पण वाचतंय कोण?

मी बडोद्याहून बोलतेय. या मालिकेत बोलणाऱ्यांत लेखक असतात, संपादक असतात, प्राध्यापक असतात. मी यांतली कुणीच नाही. अंकलेश्वरला रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रोज बडोदा-अंकलेश्वर अपडाउन करते. ‘अपडाउन’ हा शब्द आमच्या गुजरातीत आणि त्यामुळे आमच्या मराठीतही अगदी घरचा आहे. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. त्या तीन तासांत गेली सहा-सात वर्षं मी पुस्तकं ऐकतेय. तीनशे पानांचं पुस्तक ऐकायला साधारण नऊ-दहा तास लागतात. मधले काही दिवस शेजारणीशी गप्पांत जातात, काही झोपेत जातात, तरी आठवड्याला एक पुस्तक सरासरी होतंच.

त्या ऐकण्यातून तयार झालेली माझी मतं आज सांगणार आहे. मतंच आहेत, समीक्षा नाही. पटली नाहीत तर खुशाल वाद घाला.

आमच्या घरात ऐकणारे तीन जण आहेत, हे आधी सांगते, कारण पुढे तिघांचेही कान येणार आहेत. एक मी. दुसरी माझी आई, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय एक्याऐंशी. चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या कडा दिसतात, मधला चेहरा दिसत नाही. पानाचंही तसंच. जन्मभर दांडिया बाजारातल्या घरातून चालत जाऊन ग्रंथालयातली पुस्तकं आणणारी बाई, आणि एके दिवशी तिने चष्मा काढून कपाटात ठेवला तो ठेवलाच. तिसरी माझी भाची, इयत्ता आठवी, इंग्रजी माध्यम. तिला देवनागरी येतं, शाळेत हिंदी आहे. पण मराठी पुस्तक हातात दिलं की ती एकेक शब्द जोडत बसते आणि दुसऱ्या पानावर दमते. बोललेलं मात्र सगळं कळतं. म्हणजे एकीला पान दिसत नाही, दुसरीला दिसतं पण चालत नाही. या दोघींसाठी वाचणाऱ्याचा आवाज हाच कागद आहे. तो खराब असेल तर पुस्तक बंद.

२०१७च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली, ती हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी घेऊनच आली. पुढच्या वर्षी ऑडिबल आलं. त्यानंतर मराठीत ऐकण्यासारखं बरंच जमत गेलं. पण आपण अजून पुस्तकाबद्दलच बोलतो, वाचणाऱ्याबद्दल बोलत नाही. इंग्रजी ऐकणारे बघा. हॅरी पॉटर ब्रिटनमध्ये स्टीफन फ्रायच्या आवाजात निघालं आणि अमेरिकेत जिम डेलच्या. यांतला खरा कोण, यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. माझी भाचीही भांडते, ती फ्रायच्या बाजूची. आपल्याकडे एखादी कादंबरी ऐकून झाल्यावर वाचणाऱ्याचं नाव विचारा, दहातले नऊ जण सांगू शकणार नाहीत. खरं तर दहा तास तोच माणूस आपल्या कानाशी बसलेला असतो.

वास्तविक आपल्याला हे नवं नको वाटायला. ज्ञानेश्वरी नेवाशाला आधी सांगितली गेली, मग सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली, अशी परंपराच आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीचा. चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा एक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पण एक फरक आहे. पोथी वाचणाऱ्याला थांबवता यायचं. ‘बुवा, ही ओवी परत घ्या’ म्हणता यायचं. फोनला तसं म्हणता येत नाही, पंधरा सेकंद मागे जायचं बटण तेवढं असतं. आईचं बोट ते बटण चुकवतं आणि ती थेट पुढच्या प्रकरणात जाऊन पडते. मग चिडते. तिचं चिडणं योग्यच आहे.

आता पुस्तकं.

लेखकाने स्वतः वाचलेल्यांपासून सुरुवात करते, कारण मराठी माणूस या विषयावर बोलायला लागला की तिसऱ्या वाक्याला पु. ल. येतातच. अंतू बर्वा, हरितात्या, नारायण, म्हैस. ही ध्वनिमुद्रणं आमच्या घरी कॅसेटवर होती आणि टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली जायची. आता कौतुकाबरोबर एक तक्रार ऐका. पु. लं.नी ते इतकं पक्कं करून ठेवलंय की आता अंतू बर्वा दुसरं कुणी वाचूच शकत नाही. जो वाचतो तो पु. लं.ची नक्कल करतो. तेच थांबे, तोच नाकातला सूर. मी एकदा छापलेला मजकूर समोर ठेवून कॅसेट ऐकली. त्यांनी स्वतः कितीतरी शब्द बदलले आहेत, श्रोत्यांच्या हसण्याला जागा दिलीय, कुठे वाक्य गाळलंय. म्हणजे ते वाचत नव्हते, सादर करत होते. व. पु. काळ्यांच्या कॅसेट तशाच. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव जाऊन कथाकथन करायचे, तेही सादरीकरणच. हे आपलं मोठं धन आहे, पण ऑडिओबुक म्हणजे कथाकथन नव्हे. समोर हजार माणसं हसायला बसलेली असताना बोलणं वेगळं आणि गाडीच्या खिडकीशी बसलेल्या एका बाईच्या कानात बोलणं वेगळं. आपले पुष्कळ वाचणारे हजार माणसांसाठी वाचतात. पालेज स्टेशन येईपर्यंत माझं डोकं उठतं.

लेखकाने कानाशी बसून वाचलेलं मला सर्वांत आवडलेलं पुस्तक इंग्रजीतलं आहे, ट्रेव्हर नोआचं ‘बॉर्न अ क्राइम’. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात काळी आई आणि गोरा बाप असणं हाच गुन्हा होता, त्या मुलाची ही गोष्ट. आई त्याच्याशी एका भाषेत बोलते, रस्त्यावरची पोरं दुसऱ्या, पोलीस तिसऱ्या. छापील पुस्तकात ते झोसा किंवा झुलू शब्द मी डोळ्यांनी ओलांडून गेले असते. तो ते बोलून दाखवतो, जिभेच्या टाळीसकट. त्या मुलाने भाषा बदलून मार कसा चुकवला, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. घरात मराठी, दारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि कागदावर इंग्रजी अशी सगळी उठाठेव करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते फारच कळतं. मिशेल ओबामांचं ‘बिकमिंग’ही त्यांनी स्वतःच वाचलंय, एकोणीस तास. त्याला ग्रॅमी मिळालं. वाचलंय उत्तम, पण मला ते इस्त्री केलेल्या कपड्यासारखं वाटलं, कुठे सुरकुती म्हणून नाही. शेवटचे पाच तास मी सव्वापट वेगाने संपवले.

‘आता मराठीत सर्वांत चांगलं काय?’ असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४पासून चार भागांत आलेलं पुस्तक. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. त्यामुळे त्यांचं वाक्य वहीत तयार झालेलं नाही, बोलण्यात तयार झालंय. ओसरीवर बसून कुणी सांगावं तसं ते येतं आणि मध्येच एक असं वाक्य टाकून बाई पुढे निघून जातात की आपण गाडीत एकटेच हसतो. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कवी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याने धर्म बदलल्यावर वाट्याला आलेली वर्षं, हे सगळं एकाच सुरात, रडगाणं न गाता.

हे पुस्तक मी दोन आवाजांत ऐकलंय. एक आवाज अतिशय सुंदर, बातम्या वाचणाऱ्यांसारखा, प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवलेला. दुसरा थोडा घोगरा, वयस्कर बाईचा, एकदोन ठिकाणी श्वासही ऐकू येतो. पहिला मी तिसऱ्या प्रकरणाला सोडला. दुसरा आईने दोनदा ऐकला. तिचं म्हणणं असं की पहिलीला विनोद कळत होता, म्हणून ती विनोदाच्या आधी आवाजात हसत होती. दुसरी हसत नव्हती. विनोद सांगणाऱ्याने आधी हसू नये हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, असं आई म्हणाली. याहून चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

‘श्यामची आई’चं दुखणं याच्या शेजारचंच. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली पुस्तक निघालं. रचनाच ऐकण्याची आहे: एकेका रात्री श्याम मित्रांना एकेक आठवण सांगतो. २०११पासून त्यावर स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे ते वाचणारे पुष्कळ. मी भाचीसाठी पाच-सहा जणांचं थोडं थोडं ऐकून पाहिलं. त्यातले बहुतेक पहिल्या वाक्यापासून गहिवरलेले! मागे बासरी. अहो, गुरुजींनी अश्रू लिहून ठेवलेत ना, मग तुम्ही आणखी कशाला ओतता? पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिमटीने मारत बाहेर काढते, तो प्रसंग आठवा. त्या बाईला त्या क्षणी राग आलेला आहे. ती कडक आहे. तिचं कडक असणं ऐकू आलं तरच नंतर तिने पाठीला तेल लावण्याला अर्थ आहे. आधीपासूनच रडक्या आवाजात वाचलं तर पोरीला वाटतं, ही आई सारखी रडतेच का? भाचीने तोच प्रश्न मला विचारला. मग एक साधा वाचणारा सापडला, बहुधा निवृत्त शिक्षक असावा, कुठलंही संगीत नाही, मागून कधीतरी कुकरची शिट्टी. त्याच्याकडून तिने सगळ्या रात्री ऐकल्या. एका रात्रीनंतर ती न बोलता आजीच्या खोलीत जाऊन झोपली. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

संगीताबद्दल बोललेच आहे तर पूर्ण करते. प्रकरण सुरू होताना चार सुरावटी ठीक आहेत. पण मजकुराखाली सतत तानपुरा किंवा सिंथेसायझर कशाला? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर त्यात शब्दच सापडत नाहीत. आणि डोळे गेलेल्यांत कानही थोडे गेलेले पुष्कळ असतात. दुसरी गोष्ट, पुस्तक संक्षिप्त केलं असेल तर सुरुवातीला स्पष्ट सांगा. एकदा एका कादंबरीतलं एक अख्खं पात्रच आईला सापडेना. तिने चाळीस वर्षांपूर्वी वाचलेली होती ती. आपल्याला विसर पडायला लागला की काय, या भीतीने ती दोन दिवस गप्प होती. मी ग्रंथालयातून छापील प्रत आणून पाहिली, तर पात्र तिथे होतं. ध्वनिमुद्रणातून गाळलेलं होतं आणि तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. पण मंडळी, ही लहान चूक नव्हे. पान उलटून खात्री करता येत नाही अशा माणसाशी केलेला हा खोटेपणा आहे.

आता माझं सर्वांत तापट मत. बोलीभाषेचं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो. गद्य इतकं शांत आहे की वाचणाऱ्याने काही न करणं हेच काम. पण संवाद आला की काही जणांच्या अंगात येतं. कारभारी बोलला की सिनेमातला पाटील बोलतो. ‘गावाकडची भाषा’ नावाची एक भाषा आपल्या नाटक-सिनेमावाल्यांनी तयार करून ठेवलीय. ती ना माणदेशाची, ना खानदेशाची, ना झाडीपट्टीची. कोल्हापूरचा थोडा वास असलेली आणि शहराला हसवायला काढलेली. तीच सगळीकडे लावतात. माणूस गंभीर बोलत असला तरी श्रोत्याला हसू येतं. माडगूळकरांनी त्या माणसांना हसण्यासाठी लिहिलेलं नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’ची गोष्ट आणखी नाजूक. १९७८चं पुस्तक. त्याची बांधणीच अशी आहे की दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी उभा आहे. गावातला आणि शहरात शिकलेला. हे मोठ्याने वाचायचं तर आवाजाने ठरवायला हवं की यातला कोण बोलतोय, आणि तरी दोघं एकच आहेत हे विसरू द्यायचं नाही. मला वाटतं, इथे वाचणाऱ्याने ती बोली स्वतः जगलेली असावी, निदान ती बोलणाऱ्यांत वाढलेला असावा. नसेल तर त्याने सरळ आपल्या आवाजात वाचावं, उसनी बोली आणू नये. प्रमाणभाषेच्या सुरात वाचलेली बोली कमी पडते, हे खरं. पण नक्कल केलेली बोली अपमान करते. या दोहोंतलं कमी पडलेलं मला चालेल.

आणि हे मी बडोद्यात बसून म्हणतेय, याला कारण आहे. आमची मराठीही चार पिढ्या गुजरातीशेजारी राहून वेगळी झालीय. पुण्याचे नातेवाईक आमचं बोलणं ऐकून हसतात. इंदूरकरांना, तंजावरच्या मराठी घरांना, हैदराबादकरांना विचारा, त्यांचा अनुभव वेगळा नसेल. आमच्याच चिं. वि. जोशींनी, बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक असलेल्यांनी, चिमणराव लिहिला. तो वाचताना कुणी बडोद्याचा सूर लावलेला मी अजून ऐकलेला नाही. लावला तर माझी आई काय खूश होईल! चिं. वि. १९६३ साली गेले, म्हणजे आता त्यांचं लेखन कुणालाही वाचायला खुलं आहे. बडोदेकर मंडळींनी मनावर घ्यावं.

उच्चारांतच आणखी एक. आपल्या लिपीत ‘च’ एकच, पण बोलण्यात दोन. ‘चार गुरं चारायला नेली’ हे म्हणून बघा. पहिला ‘चार’ आणि दुसरा ‘चारायला’, जीभ दोन वेगळ्या जागी लागते. ‘जन्म’ आणि ‘जरा’ तसंच. लिहिताना दिसत नाही, मराठी तोंडाला मात्र आपोआप येतं. आता यंत्राने वाचलेली पुस्तकं यायला लागली आहेत. आवाज आश्चर्य वाटावं इतका माणसासारखा, पण हे दोन ‘च’ त्याला धड सांभाळता येत नाहीत. ‘चारा’ असा वाचतो की गाय दचकेल. मला त्याचं हसू येतं, आईला राग येतो, पण भाचीला काही कळतच नाही, आणि काळजी तिचीच आहे. तिने मराठी शिकायची ती कानाने. घराबाहेर तिला मराठी ऐकायला मिळत नाही. कान जे पुरवतील तेच तिच्या तोंडात बसणार.

मोठ्या जथ्याने वाचलेल्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. जॉर्ज सॉन्डर्सचं ‘लिंकन इन द बार्डो’ १६६ आवाजांत ध्वनिमुद्रित केलंय. लिंकनचा लहान मुलगा जातो आणि त्या रात्री स्मशानातली भुतं बोलतात. कौतुक झालं, बक्षिसं मिळाली, आणि मी भरूचच्या पुलापर्यंत येईतो कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे हेच विसरले. छापील पुस्तकात प्रत्येक बोलण्याखाली नाव असतं, ते बरं. त्याउलट ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांनी १९६७ सालीच ते कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितलंय. सहा माणसं, सहा आवाज, बास. याहून जास्त वाचणारे लागतच नाहीत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं त्यांची मुलगी वीणा देव आणि जावई विजय देव यांनी वर्षानुवर्षं केली, पुढे नात मृणालही त्यात आली. घरातलीच तीन-चार माणसं, हातात पुस्तक, आणि समोर पडघवली उभी. मराठी ऑडिओबुक करणाऱ्यांनी शिकायला तिथे जावं, सिनेमाकडे जाऊ नये.

काही पुस्तकं मात्र मला कानाने नकोतच. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. एका वाक्यात इतके रंग आणि इतकी झाडं असतात की मला थांबावं लागतं, डोळे मिटून पाहावं लागतं, आणि आवाज थांबत नाही. सनावळ्यांनी भरलेला इतिहासही नको. ‘रुचिरा’ कुणी ध्वनिमुद्रित केलं तर हात पिठात असताना बटण कोण दाबणार? आणि शेरलॉक होम्स, स्टीफन फ्रायने वाचलेला, सत्तरहून अधिक तासांचा, हा मी झोपण्यासाठी ठेवलाय. त्याचा आवाज इतका आश्वासक आहे की खून झाला तरी आपल्याला काही होणार नाही असं वाटतं. खुनी कोण ते अर्ध्या गोष्टींत अजून मला माहीत नाही.

आता आईचं. पहिलं वर्षभर तिने ऐकायला साफ नकार दिला. ‘मला कुणी वाचून दाखवायला मी काय आजारी आहे?’ असं तिचं म्हणणं. मला ते समजतं. वाचणं हे तिचं एकटीचं काम होतं, त्यात कुणाची मदत लागत नव्हती. तेव्हा मी तिला एक माहिती सांगितली, ती तुम्हालाही सांगते. ब्रिटनमध्ये बोलकी पुस्तकं १९३५ साली सुरू झाली, त्यामागे पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक होते. पहिल्या पुस्तकांत एक होतं अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’. ऐकायला नेमकं तेच निवडणाऱ्याला मी मानलं. का, ते सांगत नाही. ज्यांनी वाचलंय ते आत्ता हसले असतील. आईने ते वाचलेलं होतं. ती हसली आणि म्हणाली, लाव.

तेव्हापासून ती ऐकते, पण तिच्या अटींवर. वेग कमी करायचा नाही, ‘मी म्हातारी झालेय, मंद नाही.’ प्रकरण संपल्यावर फोन बंद करायचा, तिला त्यावर विचार करायचा असतो. आणि वाचणारा आवडला नाही तर पुस्तक कितीही मोठं असो, बंद.

अडचण अशी की तिला हवी असलेली निम्मी पुस्तकं ऐकायला मिळतच नाहीत. गाजलेलं सगळं आहे. पण तिला हवं असतं ते कुठल्या तरी छोट्या प्रकाशनाने काढलेलं, पुठ्ठा निघालेलं आत्मचरित्र, जे तिने १९७२ साली वाचलं आणि ज्यातला एक प्रसंग तिला पुन्हा तपासून बघायचाय. सयाजीरावांच्या कृपेने आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयात असली पुस्तकं अजून सापडतात. ती मी आणते आणि वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करते. हे कायद्यात बसतं का, असं काही जण विचारतात. बसतं. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीला तिच्या खासगी वापरासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात करून द्यायला परवानगी आहे. आणि अशा वाचकांसाठी केलेल्या मारकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, २०१४ सालीच. तुमच्या घरी असं कुणी असेल तर बिनधास्त वाचा. ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही २०१६पासून आहे, तिथे नाव नोंदवून बघा.

रोज रात्री जेवणं झाल्यावर चाळीस मिनिटं मी वाचते. खोलीचं दार बंद, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद करून वाचणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या दिवशी मी अंकलेश्वरला गेले की आई ते ऐकते आणि संध्याकाळी तपासून ठेवलेल्या वहीसारखं मला परत देते. ‘स्वल्पविरामाला थांबायचं असतं, पूर्णविरामाला श्वास घ्यायचा असतो, तू उलटं करतेस.’ ‘परवा वाचलंस ते बरं होतं, काल घाईत होतीस.’ मी खरोखरच घाईत होते, डबा व्हायचा होता. आवाजातून तिला सगळं कळतं.

गेल्या आठवड्यात माझा घसा बसला म्हणून भाचीने एक प्रकरण वाचलं. नऊ पानं, एक तास वीस मिनिटं. अडखळत, मागे जात, ‘मावशी हा शब्द काय आहे?’ असं मध्येच विचारत. ते विचारणंही ध्वनिमुद्रणात गेलंय. मी ते कापायला बसले होते तर आई म्हणाली, राहू दे, मला कुठला शब्द अडला ते समजायला हवं. दुसऱ्या दिवशी भाची शाळेतून आली तेव्हा आजीने सतरा शब्दांची यादी तोंडपाठ करून ठेवली होती. पहिला शब्द होता ‘चाहूल’.